जुनी मारुती ८०० मिसिंग करतेय? आधी स्पार्क प्लग काढा

भाऊ, राजवाडा परिसरातल्या गर्दीत उभी असताना गाडी थरथरते आणि रेस दिली की झटके खाते, म्हणजे कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) गेलाच असं धरून बसू नका. नवखे आधी तिथेच पेचकस घालतात आणि होतं तेही सेटिंग घालवून बसतात. आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) वाढवून थरथर लपवणं तर त्याहून वाईट, पेट्रोल जातं ते वेगळंच.

कार्बोरेटरवाल्या ८०० ला सिलिंडर तीनच, एक रुसला तरी लगेच जाणवतं. इंजिन थंड असताना प्लग काढा. कोणता कुठला ते लिहून ठेवा, वायरींची अदलाबदल ही नेहमीची चूक. टोक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टरही बघा. तेलकट ओलं असेल तर दुखणं इंजिनच्या आत आहे, ते सध्या राहू द्या. एकच प्लग वेगळा दिसला तर शेजारच्याशी बदलून पाहा. दोष प्लगबरोबर सरकला तर नवा प्लग घ्या. तिथेच राहिला तर संशय आधी वायरवर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर, म्हणजे प्लगांना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागाच्या झाकणावर. पावसाळ्यात तडा गेलेल्या कॅपमध्ये ओल हमखास शिरते.

मग व्हॅक्यूमचे, म्हणजे इंजिनची ओढ पोचवणारे, रबरी पाइप तपासा. इंजिन चालू ठेवून कान द्या, चिरलेला पाइप फुसफुसतो. बाह्या मात्र पंख्या-बेल्टपासून लांब.

पेट्रोल फिल्टर स्वस्त आहे, बदलूनच टाका. पण एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बायपासला चक्कर मारा. प्लग कसे दिसले ते कळवा, पुढचं त्यावरून सांगतो.