गँट चार्ट : पट्ट्या आहेत, पण हलत नाहीत

प्रश्न : नव्या संकेतस्थळाचं काम ऑनलाइन गँट चार्टमध्ये, म्हणजे प्रत्येक कामाची तारखांवर आडवी पट्टी दाखवणाऱ्या तक्त्यात, मांडलं आहे. एकूण ३२ कामं. मजकूर लिहायला चार दिवस जास्त लागले म्हणून ती तारीख बदलली, पण पुढची एकही पट्टी जागची हलली नाही. सगळ्या हाताने सरकवाव्या लागल्या. मग कागदावरच्या तक्त्यापेक्षा वेगळं काय मिळालं?

उत्तर : सध्या तरी काहीच नाही, कारण तुम्ही पडद्यावर कागदी तक्ताच काढला आहे. हेन्री गँट यांनी शंभरेक वर्षांपूर्वी हे तक्ते रूढ केले, तेव्हा त्यांत कामांना जोडणारे बाण नव्हतेच. कामांच्या साखळीवरून शेवटची तारीख काढण्याची पद्धत आली ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस. एक पट्टी दुसरीच्या पुढे दिसते, एवढ्यावरून सॉफ्टवेअरला काही कळत नाही, बाण लागतो.

‘मजकूर लेखन’च्या पट्टीवर माउस नेला की बहुतेक ठिकाणी उजव्या टोकाला बारीक ठिपका उमटतो. तो ओढून ‘मजकूर तपासणी’च्या डाव्या टोकावर सोडा. ठिपका नसेल तर ‘प्रीडिसेसर’ रकान्यात आधीच्या कामाचा ओळ क्रमांक लिहा. बाण प्रत्यक्ष कामांनाच जोडा. वरच्या गट-शीर्षकांना जोडले, तर कुठल्या कामामुळे काय अडलं ते पुढे उलगडत नाही.

बाण असूनही पट्टी ढिम्म राहिली, तर सेटिंगमध्ये ऑटो शेड्युलिंग (तारखा आपोआप सरकवण्याची सोय) बंद असेल, किंवा हाताने भरलेली तारीख सॉफ्टवेअरने ‘याच दिवशी सुरू’ अशी अट म्हणून धरली असेल. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. चार्टची प्रत काढा, त्यातल्या तारखा पुसा आणि फक्त पहिल्या कामाची सुरुवात, प्रत्येकाचा कालावधी आणि बाण एवढंच ठेवा. बाहेरून खरोखर ठरलेली तारीख असेल तेवढीच परत भरा. मग पहिल्या कामात ५ दिवस वाढवून बघा. शेवटची तारीख सरकली नाही, तर कुठे तरी बाण तुटला आहे किंवा मध्ये तेवढी सवड आहे. सवड असेल तर उत्तमच! तपासून झालं की ‘अनडू’ करा.

प्रश्न : कालावधी बरोबर भरूनही शेवटची तारीख चुकते. असं का?

उत्तर : तास आणि दिवस यांची गल्लत होत असावी. ४० तासांचं काम आहे, पण माणूस या कामाला रोज ४ तासच देणार असेल, तर कालावधी ५ नव्हे, १० दिवस. आठवड्याला पाच कामाचे दिवस धरले, तर सोमवारी सुरू झालेलं हे काम पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी संपेल, म्हणजे कॅलेंडरवर १२ दिवस. सुट्ट्या आधी सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरमध्ये भरा, कालावधीत मिळवू नका; नाही तर त्या दोनदा मोजल्या जातात. मंजुरीसाठी लागणारा वेळ मात्र आधीच्या कामात दडपू नये. ‘मंजुरी’ अशी वेगळी पट्टी करा, म्हणजे उशीर कोणाकडे झाला ते दिसतं.

प्रश्न : एक काम दोन आठवडे ‘९० टक्के पूर्ण’वरच आहे. चार्टवर विश्वास ठेवावा का?

उत्तर : त्या आकड्यावर नको. टक्के अंदाजाने भरले जातात आणि शेवटचे दहा टक्केच चिवट असतात. ०, ५० आणि १०० एवढेच आकडे चालवा : सुरू झालं की ५०, दुसऱ्याने तपासून स्वीकारलं की १००. शिवाय ‘अजून किती दिवस?’ हे दर आठवड्याला विचारून उरलेला कालावधी बदला. टक्के बदलल्याने शेवटची तारीख हलेलच असं नाही. काम सुरू होण्याआधी बेसलाइन, म्हणजे ठरलेल्या वेळापत्रकाची नोंद, जतन केली असेल, तर मूळ पट्टी खाली फिकट दिसते आणि घसरण किती ते लगेच कळतं. केली नसेल, तर आजची करून ठेवा.