दुपारी दीड वाजता कोण येणार?

तुम्ही विचारलंय: पुण्यात एकटा राहतो, सकाळी नऊला निघतो, घरी यायला सात वाजतात, कुत्रा पाळायची फार इच्छा आहे, पाळावा का?

जमतं. मीही एकटाच राहतो, हिंजवडीला नोकरी करतो आणि माझी कुत्री चिंगी गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पण नऊ ते सात हे दहा तास मध्ये कोणी न येता काढणं जमणार नाही. वयानं मोठं कुत्रं सहा तास निवांत शू धरतं, आठ तास ओढूनताणून धरतं. त्यापुढे त्याचे हालच. म्हणून कुठलं कुत्रं घेऊ, काय खायला घालू हे नंतर बघा. आधी दुपारी कोण येणार ते ठरवा.

माझ्याकडे ते काम मावशींनी उचललं. त्या सकाळी आठला धुणीभांडी करायला यायच्या. त्यांना दीड वाजता याल का विचारलं, पगार वाढवला. पहिला महिनाभर त्या चिंगीला घाबरून ओट्याला चिकटून उभ्या राहायच्या. आता तिला पट्टा लावून खाली पंधरा मिनिटं फिरवून आणतात, आणि 'बाईंनी आज शी केली नाही' असा मेसेज मला मीटिंगमध्ये येतो. मावशी नसतील तर शेजारचा कॉलेजातला मुलगा, नाहीतर पैसे घेऊन कुत्री फिरवणारी मुलं असतात. एकावर विसंबू नका, दोन माणसं हाताशी ठेवा. मावशी गावाला जत्रेला जातात तेव्हा हे कळतं.

आता माझी चूक सांगतो, कारण तुम्ही तीच कराल अशी भीती आहे. चिंगी २०२० च्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली. तेव्हा मी चोवीस तास घरी. ती माझ्या पायाशी झोपायची, मी बाथरूमला गेलो तरी दाराशी बसायची. मला वाटायचं, काय प्रेम आहे! २०२२ मध्ये ऑफिसने परत बोलावलं आणि तिसऱ्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी लिफ्टपाशी गाठलं. 'अहो, दिवसभर रडते हो तुमची.' जुना मोबाईल कपाटावर रेकॉर्डिंग लावून ठेवला. मी निघाल्यावर दोन मिनिटांत ती हेल काढून रडायला लागली आणि पुढे तासभर थांबलीच नाही. दाराची चौकट खालून कुरतडलेली होती.

कंटाळलेलं कुत्रं आणि घाबरलेलं कुत्रं यांत फरक असतो, तो ओळखता आला पाहिजे. निघताना आवडीचं काहीतरी ठेवून जा. परत येईपर्यंत ते फस्त झालं आणि एखादी चप्पल फाडलेली दिसली, तर तो कंटाळा. भरपूर फिरवा, डोक्याला काम द्या, बरंचसं निभावतं. खाऊ तसाच पडलाय आणि ओरखडे दाराभोवतीच आहेत, तर ती भीती. चिंगीचं दुसरं होतं. ती चिकनलाही तोंड लावत नव्हती.

यावर ओरडून काही होत नाही. आपण आलो की कुत्रं कान पाडून नजर चुकवतं आणि आपण म्हणतो, बघा, चूक कळलीय त्याला. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २००९ चा एक प्रयोग आहे: कुत्र्याने खाऊ चोरला होता की नव्हता याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता, मालक रागावला की तो चेहरा यायचा. म्हणजे ते आपलाच राग बघून घाबरतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. किल्ली उचलायची आणि परत सोफ्यावर बसायचं. बूट घालायचे आणि टीव्ही बघायचा. असं दिवसातून दहा-बारा वेळा, किल्लीचा आवाज म्हणजे संकट हे तिच्या डोक्यातून जाईपर्यंत. मग दाराबाहेर दहा सेकंद. मग अर्धा मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. ती रडायच्या आत परत यायचं, ही खरी गोम. मी जिन्यात मोबाईलवर तिला बघत बसायचो आणि येणारे-जाणारे विचारायचे, 'किल्ली विसरलात का?' अर्ध्या तासापर्यंत पोचायला मला दीड महिना लागला. पुढची मजल झटपट गेली. तेवढ्या काळात तिला एकटं सोडायचं नसतं, म्हणून मी रजा आणि घरून काम यांची मोट बांधली. सोबतीला दुसरं कुत्रं आणा असं बरेच जण सुचवतील. भीती माणूस जाण्याची असेल तर दोन कुत्री रडतात, एवढंच.

तेव्हा तुम्ही पिल्लू घेऊ नका. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम तीन तास शू धरतं, शिवाय लसींच्या फेऱ्या, दात येणं, रात्रीचं उठणं. दोन-तीन वर्षांचं, स्वभाव माहीत असलेलं गावठी कुत्रं दत्तक घ्या. काही संस्था कायमचं देण्याआधी थोडे दिवस सांभाळायला देतात, तशी संधी मिळाली तर जरूर घ्या. हस्की या बर्फाळ प्रदेशातल्या जाड केसांच्या कुत्र्याचा मोह असेल तर एप्रिलमध्ये दुपारी दोनला स्वेटर घालून गच्चीवर बसून बघा.

खाण्याचं थोडक्यात. नुसती दूध-पोळी नको, प्रथिनं लागतात आणि वयानं मोठ्या कुत्र्यांना दूध बरेचदा पचत नाही. आपली आमटी-भाजी उरली म्हणून घालू नका, कांदा-लसूण त्यांना विषारी. दिवाळीत लाडवातले बेदाणेही. पावसाळ्यात गोचिडांचं औषध चुकवू नका, गोचीड ताप वाईट असतो. रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना हे तर आलंच. भाड्याने राहत असाल तर करारात कुत्र्याचा उल्लेख करून घ्या, घरमालकाच्या तोंडी 'चालेल'ला अकरा महिन्यांनी अर्थ उरत नाही.

आणि घेण्याआधी एक करून बघा. दोन आठवडे, कुत्र्याविना, सकाळी सहाला उठून अर्धा तास चाला आणि रात्री दहाला पुन्हा वीस मिनिटं. रविवारीसुद्धा. जमलं तर पावसात. मी आत्ता हे लिहितोय तर पावणेदहा झालेत आणि चिंगी पट्टा तोंडात धरून समोर उभी आहे.