डिसेंबरात सिंगापूरला येताय? आधी पावसाचं बोलूया

दिवाळी उरकली की नाताळच्या सुट्टीत सिंगापूरला येणाऱ्यांचे प्रश्न सुरू होतात. हवामान हाच माझा विषय आणि इथे राहूनही बरीच वर्षं झाली, त्यामुळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते यावेळी एकत्र घेतेय.

२१ ते २७ डिसेंबरचं बुकिंग झालंय आणि मोबाइलवर सातही दिवस ढग आणि विजेचं चिन्ह दिसतंय. कॅन्सल करू का? (पुण्याहून)

अजिबात नको. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंश वर आहे, ते चिन्ह इथे वर्षभर दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की दिवसात कधीतरी, शहरात कुठेतरी पाऊस पडू शकतो. दिवसभर पडेल असं ते सांगत नाही.

आता खरं ते पण सांगते. डिसेंबर हा इथला सगळ्यात पावसाचा महिना, सरासरी ३३० मिमीच्या आसपास आणि १९ एक दिवस पावसाचे. आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपला पाऊस नैऋत्येकडून जूनमध्ये येतो, पण इथे डिसेंबरात ईशान्य मॉन्सून असतो, वारा दक्षिण चीन समुद्रावरून ओल घेऊन येतो. तरी घाबरू नका, मुंबईत एकट्या जुलैत ८०० मिमीच्या पुढे पडतो, त्यामानाने हे निम्मंसुद्धा नाही.

महत्त्वाचं म्हणजे पाऊस दोन प्रकारचा असतो आणि तो ओळखता आला पाहिजे. पहिला नेहमीचा, सकाळ छान, दुपारी एक-दोननंतर आभाळ काळं होतं, गडगडाट, तासभर धो धो, आणि मग फुटपाथवरून वाफा निघायला लागतात, संध्याकाळ मोकळी. दुसऱ्याला इथे मॉन्सून सर्ज म्हणतात. सैबेरिया आणि चीनकडची थंड हवा जोर धरते, समुद्रावरचा वारा वाढतो आणि मग दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त, आभाळ हलत नाही. वीज फारशी नाही, नुसती संततधार. डिसेंबर-जानेवारी मिळून असे दोन ते चार सर्ज येतात. त्यातला एखादा तुमच्याच आठवड्यात आला तर तो नशिबाचा भाग, पण अख्खी सहल त्यात जाईल असं सहसा होत नाही.

तेव्हा दहा दिवसांचा अंदाज बघत बसू नका. इथलं हवामान खातं पुढच्या दोन तासांचा अंदाज भागानुसार देतं, सेंटोसा वेगळं, चांगी वेगळं, आणि सोबत पावसाचं रडार असतं. सकाळी चहा घेताना आणि जेवण झालं की ते बघायचं, बस.

सोबत ७६ वर्षांची आई आहे. थंडी असते का, स्वेटर घेऊ का? (साताऱ्याहून)

ताई, बाहेरच्यासाठी नको, आतल्यासाठी घ्या. बाहेर दिवसा ३०-३१ आणि पहाटे २४, त्यात दमटपणा एवढा की साताऱ्याच्या डिसेंबरातून आलेल्या माणसाला विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की एकदम अंगावर येतो. सर्ज असला तर पारा २२-२३ पर्यंत उतरतो, तेव्हा इथली माणसं जॅकेट घालून फिरतात. आपल्याला ते छानच वाटतं.

खरी थंडी एसीची. मॉल, मेट्रो, थिएटर सगळीकडे गारठा. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला शाल घरी ठेवायला लावली, पावसात भिजून आम्ही मेट्रोत शिरलो आणि अर्धा तास ती पदर घट्ट लपेटून बसली होती, रात्री कणकण आली. चूक माझी होती. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, पातळ शाल आणि एक कोरडा टॉवेल पर्समध्ये पाहिजेच. आणि सुती कपडे एक-दोन जोड जास्त घ्या. इथे लोक खिडकीबाहेर बांबूवर कपडे वाळत घालतात आणि डिसेंबरात तो बांबू दिवसभर आत-बाहेर होत असतो, हॉटेलच्या बाथरूममध्ये तर जीन्स दोन दिवस वाळत नाही.

मुलांना सेंटोसा आणि झू दाखवायचंय. कोणती वेळ बरी? (ठाण्याहून)

सकाळ, शक्यतो दार उघडतानाच. फक्त लक्षात ठेवा की सूर्य इथे सातच्या सुमाराला उगवतो आणि सातलाच मावळतो, त्यामुळे सहाला उठून बाहेर पडायचं ठरवलंत तर अंधारच असेल. दुपारसाठी मत्स्यालय, म्युझियम, गार्डन्स बाय द बे मधले काचेचे घुमट असं छपराखालचं काहीतरी ठेवा.

विजेबद्दल मात्र कळकळीने सांगते. जगात विजा जास्त पडणाऱ्या भागांत सिंगापूर येतं. वीज जवळ आली की पोहण्याचे तलाव रिकामे करतात, उघड्यावरच्या राइड थांबतात. मुलं रडली तरी "अजून पाच मिनिटं" करू नका, पाण्यातून आणि वाळूवरून लगेच उठा, झाडाखाली उभं राहू नका. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते.

वादळाची भीती आहे का? पुढे मलेशियालाही जायचंय. (नागपूरहून)

विषुववृत्ताजवळ चक्रीवादळाला फिरायला लागणारा जोर मिळत नाही, त्यामुळे जवळजवळ नाही. "जवळजवळ" म्हणते कारण २७ डिसेंबर २००१ ला वामेई नावाचं वादळ इथून जवळच, मलेशियातल्या जोहोर राज्याच्या किनाऱ्यावर आलं होतं. ते फार दुर्मिळ. एका दिवसाच्या पावसाचा विक्रमही डिसेंबरातलाच, २ डिसेंबर १९७८ ला पाया लेबार भागात ५१२ मिमी. पण आताच्या सिंगापुरात पाणी साचलं तरी सहसा लवकर ओसरतं.

मलेशियाचं वेगळं आहे. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर हाच मॉन्सून सरळ आदळतो, पूर येतात, समुद्र खवळलेला असतो, तिओमनसारख्या बेटांचा नाद या महिन्यात सोडा. समुद्रच बघायचा असेल तर पश्चिमेचं लंकावी घ्या, तिथे डिसेंबरात पाऊस कमी व्हायला लागलेला असतो.

छत्री की रेनकोट? आणि तो धुराचा त्रास असतो का? (कोल्हापूरहून)

धूर इंडोनेशियातल्या आगींचा, तो साधारण जून ते ऑक्टोबर, डिसेंबरात काळजी नको. डास मात्र असतात, क्रीम लावा.

छत्रीच. रेनकोटच्या आत घामानेच भिजायला होतं. मेट्रोपासून इमारतींपर्यंत छपराच्या वाटा बऱ्याच ठिकाणी आहेत, एक छोटी घडीची छत्री प्रत्येकी पुरते. बूट नकोत, मागे पट्टा असलेले रबरी सँडल घ्या, ओल्या फरशीवर साधी स्लीपर सटकते. ऊन ढगाआडूनही भाजतं, टोपी आणि सनस्क्रीन विसरू नका. आणि कॅमेरा असेल तर एसीच्या खोलीतून काढून लगेच फोटोला उचलू नका, लेन्सवर वाफ धरते, बॅगेतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या.