प्रश्न तुमचे, उत्तरे आमची: लाल पोशाख टांगण्यापूर्वी

कॅनडा-अमेरिकेतल्या आदिवासी स्त्रियांवरच्या हिंसेबद्दल तिथल्या कलाकारांनी केलेल्या कामावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून पत्रे आली. बहुतेकांना तसे काही इथे करून पाहायचे आहे. निवडक प्रश्न घेतले आहेत.

कॅनडात रिकामे लाल पोशाख टांगतात, तसे प्रदर्शन आमच्या कॉलेजात करायचे आहे. मूळ कल्पना काय, आणि ती आपण घेतली तर चालेल का?
*कलाशिक्षिका, जुळे सोलापूर*

विनिपेगच्या जेमी ब्लॅक या कलाकार स्त्रीने २०१० मध्ये हे काम सुरू केले. लोकांनी दिलेले लाल पोशाख रिकामेच टांगायचे, कधी झाडांना, कधी सार्वजनिक इमारतींच्या आवारात. आत माणूस नाही, हेच बघणाऱ्याला खटकायला हवे. आत्म्यांना फक्त लाल रंग दिसतो अशी धारणा त्या रंगामागे आहे. २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अमेरिकन इंडियन राष्ट्रीय संग्रहालयात हे पोशाख लागले. ५ मे हा दिवस आता कॅनडात ‘रेड ड्रेस डे’ म्हणून पाळतात.

कॅनडाबद्दलच बोलायचे असेल तर तसे फलकावर लिहा, कलाकाराचे नाव द्या आणि लाल पोशाख लावा. इथल्या स्त्रियांबद्दल बोलायचे असेल तर मात्र नुसता लाल रंग उचलून भागणार नाही. आपल्याकडे लाल वस्त्र म्हणजे शालू, कुंकू, देवीची ओटी. तुळजापूर इथून जेमतेम ४५ किलोमीटर. झाडाला लाल लुगडे किंवा खण बांधलेला दिसला की सोलापूरचा माणूस हात जोडतो आणि पुढे निघतो. तुमचे प्रदर्शन नवसाच्या झाडासारखे दिसले तर सगळी मेहनत वाया. म्हणून झाड टाळा, व्हरांडा किंवा जिना घ्या. साडीऐवजी रोजच्या वापरातले कपडे घ्या: परकर-पोलके, गाऊन, पंजाबी ड्रेस, मुलीचा फ्रॉक. सोलापुरात गणवेश शिवणारे ढीगभर आहेत, त्यामुळे गणवेश लावायचा मोह होईल. लावा, पण कुठल्याही ओळखीच्या शाळेच्या रंगाचा नको.

कपडे आणि रंग ठरवायचे ते ज्यांच्याबद्दल आपण बोलतोय त्या बायकांनी. आयोजकांनी नुसती सोय करायची. वस्तीत एकदा जाऊन ‘तुमची हरकत नाही ना’ असे विचारणे पुरेसे नाही. किमान दोन बैठका हव्यात. पहिलीत फक्त ऐकायचे, कॅमेरा न्यायचा नाही. बैठकीसाठी बुडालेल्या रोजाचे पैसे द्यायचे. काम नको असे त्यांनी म्हटले तर विषय तिथेच संपला.

फलक लिहिताना आणखी एक जपा. सेटलमेंटचा इतिहास सोलापूरकरांना माहीत आहे. काही समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली इथे तारेच्या कुंपणात माणसे ठेवली, तीच सेटलमेंट; तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. पण त्या सगळ्या समाजांना ‘आदिवासी’ म्हणणे चूक आहे. महाराष्ट्रात फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, तर इथले कैकाडी, टकारी विमुक्त जातींत. फरक कागदापुरता नाही. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जाती-जमातींनाच लागू होतो. विमुक्त जातीतल्या बाईला त्याचे संरक्षण मिळत नाही, आणि हे फलकावर यायलाच हवे.

किती पोशाख लावावेत? संख्येला काही अर्थ असावा असे वाटते.
*विद्यार्थी, सोलापूर*

अर्थ तेव्हाच, जेव्हा आकड्याचा आधार दाखवता येतो. कॅनडातही हा वाद झाला. तिथल्या आदिवासी स्त्रियांच्या संघटनेने २०१० पर्यंत ५८२ प्रकरणे गोळा केली होती. २०१४ मध्ये तिथल्या पोलिसांनीच १९८० ते २०१२ या काळासाठी १,१८१ हा आकडा दिला: १,०१७ खून आणि १६४ बेपत्ता. त्यानंतर नेमलेल्या राष्ट्रीय चौकशीने २०१९ च्या अहवालात खरा आकडा कुणालाच सांगता येणार नाही असे म्हटले आणि न्यायासाठी २३१ मागण्या मांडल्या. आपल्याकडे गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदीत विमुक्त जमातींचा वेगळा रकानाच नाही. तेव्हा जागेत मावतील तेवढे, २० ते ३०, पोशाख लावा आणि ‘ही मोजदाद नव्हे’ असे ठळक लिहा. दोन पोशाखांत निदान ४ फूट मोकळे हवेत. दाटीवाटीने लावले की कापडाचे दुकान दिसते.

पोशाख वाऱ्याने गोल फिरतात, हँगर दिसतो, आणि मागच्या वर्षी पावसात रंग उतरून भिंत खराब झाली. उपाय सांगा.
*सांस्कृतिक मंडळ, होटगी रोड*

फिरतात कारण तुम्ही ते एका हुकावर टांगता. प्रत्येक खांद्याला स्वतंत्र दोरी हवी, आणि दोन दोऱ्या वर जाताना एकमेकींपासून दूर जाव्यात. खांद्यांत १४ इंच अंतर असेल तर वरच्या तारेवर २० ते २४ इंच ठेवा. मग वाऱ्याने पोशाख झुलेल, पण पाठ फिरवणार नाही.

हँगर लपवायला १२ नंबरची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार खांद्याच्या उतारात वाकवा आणि कपड्याच्या आतून खांद्याच्या शिवणीला चार-पाच टाक्यांनी अडकवा. तारेची टोके आत वळवून त्यावर कापडी पट्टी गुंडाळा, नाहीतर दोन दिवसांत कापड फाटते. गळा खुला राहावा म्हणून गळ्याच्या आत बोटभर रुंद बकरमची (कॉलरमध्ये घालतात त्या कडक कापडाची) पट्टी टाका. गळा मिटला की तो पोशाख राहत नाही, वाळत घातलेला कपडा होतो.

दोरीसाठी ०.७ मिलिमीटरची मासेमारीची नायलॉन दोरी चालते. तिची साधी गाठ सुटते. पाच-सहा वेढ्यांची गाठ मारून ती ओली करून ओढा. सोलापूरच्या उन्हात ही दोरी कडक होऊन तुटते, म्हणून उघड्यावर महिनाभर ठेवायचे असेल तर दर आठवड्याला तपासा आणि पंधरवड्याला बदला. वजनाचा हिशेब ओल्या कपड्याचा करायचा. ३५० ग्रॅमचा सुती ड्रेस भिजला की दुपटीहून जड होतो.

उंचीबद्दल बहुतेक ठिकाणी गडबड होते. सगळे पोशाख छताजवळ एका रांगेत लावतात, मग ते पताकांसारखे दिसतात. बाईच्या ड्रेसचा गळा जमिनीपासून साडेचार ते पाच फुटांवर आला पाहिजे, लहान मुलीच्या फ्रॉकचा तीन-साडेतीन फुटांवर. बघणारा समोर उभा राहिला की जिथे चेहरा असायला हवा तिथे त्याची नजर गेली पाहिजे. घेराला वजन द्यायचे तर नट-बोल्ट नकोत, त्याने घेर लोंबतो. पडद्याच्या खालच्या दुमडीत घालतात ती बारीक साखळी घाला.

रंगाचे कारण साधे आहे. स्वस्त लाल कापड बहुधा डायरेक्ट रंगात रंगवलेले असते. ते पाण्यात सुटते आणि उन्हात लवकर विटते. कापड घेताना रिअॅक्टिव्ह रंगाचे मागा, डाइंगवाल्यांना वेगळे समजवावे लागत नाही. जुने, दान आलेले कपडे वेगवेगळे धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मीठ-व्हिनेगरने सुटणारा रंग पक्का होत नाही, तो वेळ वाचवा. शेवटी ओला पांढरा रुमाल कपड्यावर दाबून चोळा. रुमालावर डाग आला तर तो पोशाख भिंतीजवळ नको.

तारखेबद्दल एक शब्द. ५ मे ला सोलापुरात ४० अंशांवर ऊन असते, त्यात वळवाचा वारा. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हा पंधरवडा हवामानाला बरा, आणि स्त्रियांवरील हिंसाविरोधी मोहीमही जगभर तेव्हाच चालते. आवाराबाहेर लावायचे तर महापालिका आणि पोलीस आयुक्तालय दोन्हींची लेखी परवानगी घ्या. झाडाला खिळा ठोकू नका. वीजखांब वापरू नका.

प्रत्येक पोशाखाखाली पीडितेचे नाव, गाव आणि फोटो लावला तर परिणाम जास्त होईल ना?
*पंढरपूरहून एक वाचक*

लावू नका. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणे किंवा जाहीर करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अल्पवयीन असेल तर पोक्सोचे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) कलम २३ आहेच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की ती हयात नसली तरी नाव उघड करता येत नाही, आणि दूरान्वयेही ओळख पटेल असा तपशील देता येत नाही. चाळीस घरांच्या वस्तीत ‘अमुक गावची पारधी समाजाची दहावीतली मुलगी’ म्हटले की नाव सांगितल्यासारखेच. नातेवाईक ‘लावा’ म्हणाले तरी तुम्हाला ते लावता येत नाही. कॅनडात कुटुंबे नाव आणि फोटो घेऊन रस्त्यावर उतरतात, ते पाहून इथे तसे करायला जाऊ नका.

ही तरतूद आली त्याच्या मुळाशी महाराष्ट्रातलीच एक आदिवासी मुलगी आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात तिच्यावर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि ओळख जाहीर करण्यावरची बंदी त्याच दुरुस्तीत आली. प्रदर्शनाला इथला एखादा प्रसंग जोडायचाच तर हा जोडा.

तोंडावर लाल पंजाचा ठसा काढून फेरी काढायची आहे. कुंकू चालेल का?
*युवती मंडळ, बार्शी*

नाही. बाजारच्या कुंकवात-शेंदरात काय मिसळले आहे ते कळत नाही, काहींत शिसे असते, आणि ठसा नेमका ओठांवर येतो. चेहऱ्यासाठीचा पाण्यात विरघळणारा रंग घ्या, आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून पाहा. पण आमचे मत विचाराल तर ठसाच नको. अमेरिकेतल्या लाकोटा या आदिवासी समाजाची धावपटू जॉर्डन मेरी डॅनियल २०१९ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये असा ठसा लावून धावली आणि प्रत्येक मैल एकेका स्त्रीच्या नावे केला. ती खूण त्यांची आहे. आपल्याकडे दारावरचा कुंकवाचा पंजा शुभ मानतात आणि सतीशिळेवर बांगड्यांचा हात कोरलेला असतो. बार्शीच्या रस्त्यावर लोक यातले काय वाचतील याचा भरवसा नाही.

आमच्या बचत गटाला एकत्र बसून करता येईल असे काही सुचवा. पैसे कमी आहेत.
*मोहोळ तालुका*

मातीचे मणी करा. अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉक या आदिवासी राखीव क्षेत्रात जन्मलेल्या कनुपा हान्स्का लुगर या कलाकाराने २०१८ मध्ये ठिकठिकाणच्या लोकांकडून दोन-दोन इंचांचे चार हजारांवर मणी मागवले आणि त्यांतून एका आदिवासी स्त्रीचा चेहरा उभा केला. मूळ छायाचित्र काली स्पिट्झर यांचे.

तुम्ही एक इंचाचे २,००० मणी घ्या: ४० माळा, प्रत्येकीत ५० मणी. चित्र साधारण ४० बाय ५० इंचांचे होते. ओली माती ४० किलो लागेल, कुंभाराकडून चाळून मळलेली आणा. प्रत्येक गोळा १७ ग्रॅमच्या आसपास, पहिले दहा वजन करून घ्या म्हणजे हाताला अंदाज येतो. माती आकसते, म्हणून गोळा इंचाहून थोडा मोठा वळा आणि भोक ३ मिलिमीटरच्या सळईने पाडा. सळई फिरवत घाला. नुसती खुपसली तर पलीकडून टवका उडतो. मणी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली तीन दिवस आणि मग उघडे चार दिवस सुकवा. उन्हात ठेवले तर बाहेरून आधी आकसून तडकतात. आत ओल राहिली तर भट्टीत फुटतात आणि शेजारचेही फोडतात. दहा टक्के जास्तच करा.

चित्र चौकडीच्या कागदावर पाच छटांत उतरवा. मणी भाजल्यावर पातळ केलेल्या काळ्या शाईत बुडवून छटा करा, प्रत्येक छटेचा वेगळा डबा. सुती दोरा भाजलेल्या कडांनी कापला जातो, १ मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या आणि दर दहा मण्यांनंतर गाठ मारा, म्हणजे तुटली तरी सगळी माळ सांडत नाही. एकूण वजन २५ किलोच्या घरात जाते. वरचा दांडा बांबूचा नको, लोखंडी पाइप घ्या.

चेहरा कुणाचा? पीडितेचा नाही. गटातल्याच, लेखी संमती दिलेल्या स्त्रीचा.

प्रदर्शन पाहताना एखादी बाई रडू लागली किंवा स्वतःवरचा प्रसंग सांगू लागली तर?
*ग्रंथपाल, सोलापूर*

असे होतेच, म्हणून तयारी आधी करा. दोन स्वयंसेविका कायम, एक मराठी आणि एक तेलुगू किंवा कन्नड बोलणारी. बाजूला बसायची खोली, पाणी, दार बंद होईल अशी. स्वयंसेविकेने ऐकायचे. ‘मग तू तिथे गेलीस कशाला’ हा प्रश्न कुणी विचारला तर त्याला कामावरून काढा. काही लिहून घ्यायचे नाही, रेकॉर्ड करायचे नाही. ती अल्पवयीन असेल तर पोक्सोखाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे तिला सुरुवातीलाच सांगा, नंतर सांगणे म्हणजे फसवणूक.

दाराशी मोठ्या अक्षरांत क्रमांक लावा: ११२ तातडीसाठी, १८१ महिलांसाठी, १०९८ मुलांसाठी, १४५६६ अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारासाठी. खाली एक ओळ: गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. हाच मजकूर चिठ्ठीएवढ्या कागदावर छापून स्वच्छतागृहात ठेवा. दाराशी उभे राहून क्रमांक उतरवून घेणे कित्येकींना जमत नाही, सोबत कोण आले आहे त्यावर ते अवलंबून असते.