आवाजाचा दवाखाना : उजेडावर चालणारा क्रॉसफेडर

प्रश्न : काका, माझ्याकडे दोन टर्नटेबल आणि एक जुना बॅटल मिक्सर आहे. वरातीत वाजवत नाही, घरी स्क्रॅचिंगचा, म्हणजे तबकडी हातानं पुढेमागे घासून वाजवण्याचा, सराव करतो. क्रॉसफेडर सहा महिने झाले की खरखरायला लागतो. स्प्रे मारला की पंधरा दिवस बरा, मग पुन्हा तेच. प्रकाशावर चालणारा फेडर झिजत नाही म्हणतात. तो घरी करता येईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : येईल. पण ‘झिजत नाही’ हे अर्धंच खरं आहे, त्याकडे शेवटी येतो.

क्रॉसफेडर म्हणजे मिक्सरवरची आडवी सरकती दांडी. डाव्या टोकाला फक्त डावं टर्नटेबल ऐकू येतं, उजव्या टोकाला फक्त उजवं, मध्ये दोन्ही. नेहमीच्या फेडरमध्ये कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचं बारीक बोट घासत जातं. रेडिओच्या व्हॉल्यूमला हे पुरतं, तो दिवसातून चारदा फिरतो. तुमचा फेडर किती फिरतो? माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या एका पोराचा हात मी मोजला होता, मिनिटाला दोनशेच्या वर. म्हणजे तासाभराच्या रियाजात बारा हजार घासण्या. कार्बनची पूड होते, ती बोटाखाली येते, खरखर सुरू. स्प्रे ती पूड धुऊन काढतो, पण गेलेला कार्बन काही परत आणत नाही.

क्रॉसफेडर मुळात एक गाणं हळूच उतरवून दुसरं चढवण्याचं साधन. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश, ग्रँड विझर्ड थिओडोर या मंडळींनी तबकडीचंच वाद्य केलं, आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी फेडर तबल्याच्या चाटीसारखा वाजवायला घेतला. त्या माराला कार्बन टिकेना, म्हणून कंपन्यांनी स्पर्शच काढून टाकला. रेनच्या टीटीएम ५६ मध्ये चुंबक आहे, इनोफेडरमध्ये कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), स्टँटनच्या फोकस फेडरमध्ये प्रकाश. घरी करायला यातला प्रकाशच सोपा.

आधी मिक्सरची प्लग काढा, अर्धा तास थांबा, मगच उघडा. आत स्विचिंग सप्लाय, म्हणजे वीजपुरवठ्याचं एक प्रकारचं सर्किट, असेल तर त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट बसलेले असतात. क्रॉसफेडरला येणाऱ्या वायरी मोजा. तीन असतील तर बहुधा तुमचं नशीब चांगलं. त्या मिक्सरमध्ये फेडरमधून आवाज जातच नाही, फेडर फक्त व्होल्टेजचा इशारा देतो आणि आवाजाची तोटी आत व्हीसीए नावाची चिप फिरवते. पाच-सहा वायरी असतील तर स्टिरिओ आवाज थेट पट्टीवरून जातो. तिथे उजेडाचा फेडर नुसता जोडून भागत नाही, व्हीसीएसुद्धा तुम्हालाच करावा लागेल, आणि तो वेगळा संसार आहे.

तीन वायरींचा धरून सांगतो. कडेच्या दोन वायरींमध्ये किती व्होल्ट आहेत ते मिक्सर चालू असताना मीटरनं बघा, सप्लायच्या बाजूला हात न नेता. मी ५ धरतो. मधल्या वायरीवर आपल्याला काय हवं? फेडर डाव्या टोकाला ०, मध्ये कुठेही २.५, उजव्या टोकाला ५. स्क्रॅचवाल्याला एवढंच लागतं. सगळ्या ४५ मिलिमीटरांवर सरळ रेषेत बदलणारं व्होल्टेज करायच्या नादात बरेच जण महिना घालवतात. तुमचं सगळं वाजवणं टोकाच्या एका मिलिमीटरात होतं. तेवढा मिलिमीटर सांभाळा.

त्यासाठी खाचेचे दोन सेन्सर घ्या, आयटीआर ९६०८ किंवा तसलेच. एका पायात इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचा) एलईडी, समोरच्या पायात फोटोट्रान्झिस्टर (उजेड पडला की वीज जाऊ देणारा पुर्जा), मध्ये फट. जुन्या प्रिंटरमध्ये कागद आला की नाही हे बघायला असेच असतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ‘स्लॉट सेन्सर’ म्हणून मागा. एक डाव्या टोकाला, एक उजव्या टोकाला. फेडरच्या दांडीला खालून पत्र्याची पाती लावायची. दांडी टोकाला गेली की पाती त्या टोकाच्या फटीत शिरते आणि उजेड अडवते.

एलईडीला ५ व्होल्टवरून २२० ओहमचा रेझिस्टर द्या, साधारण १७ मिलिअँपिअर जातात. आता गंमत बघा. फोटोट्रान्झिस्टरला दोन टोकं, वीज आत येते तो कलेक्टर, बाहेर पडते तो एमिटर. डाव्या फोटोट्रान्झिस्टरचा १० किलोओहमचा रेझिस्टर एमिटरखाली लावा, म्हणजे उजेडात ५, अंधारात ०. उजव्याचा कलेक्टरवर लावा, म्हणजे उलटं, उजेडात ०, अंधारात ५. दोघांचे आउटपुट १०० किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी एकत्र आणा. डाव्या टोकाला डावा ०, उजवा ०, सरासरी ०. मध्ये डावा ५, उजवा ०, सरासरी अडीच. उजव्या टोकाला दोन्ही ५. प्रोग्रॅम नाही, इथवर चिपही नाही. सेन्सरमध्ये उजेड आत येतो ती चीर अगदी अरुंद असल्यामुळे उजेडातून अंधारात जायला पातीला एक मिलिमीटरही लागत नाही. हवा असतो तो तीक्ष्ण कट, म्हणजे आवाजाची झटक्यात उघडझाप, आपोआप मिळतो.

प्रत्यक्षात ० च्या जागी ०.१ आणि ५ च्या जागी ४.९ येतं, आणि एवढ्यानंही बंद डेकचा (टर्नटेबलचा) आवाज बारीक झिरपू शकतो. म्हणून पुढे एक ऑपअँप (व्होल्टेज वाढवणारी चिप) बसवून अडीच व्होल्टभोवती सव्वापट वाढवा, म्हणजे दोन्ही टोकं पूर्ण ० आणि ५ ला टेकतात. इथे सवयीनं एलएम ३५८ लावू नका. ५ व्होल्टवर ती साडेतीनच्या आसपास थांबते आणि डावा डेक काही केल्या पूर्ण बंद होत नाही. एमसीपी ६००२ घ्या.

सेन्सर लांबट भोकांतून स्क्रूनं बसवा. सेन्सर अर्धा मिलिमीटर सरकवला की कट तेवढ्यानं पुढेमागे होतो. महागड्या फेडरमध्ये ज्याला ‘कट-इन’ म्हणतात ते समायोजन इथे एका स्क्रूड्रायव्हरचं काम आहे.

आता माझ्या दोन चुका, म्हणजे तुमच्या वाचतील. पहिली पाती मी काळ्या प्लॅस्टिकच्या फाइल कव्हरची कापली. डोळ्याला ठार काळी. सेन्सर मात्र ढिम्म. दोन संध्याकाळी मी सर्किट तपासत बसलो. काही काळी प्लॅस्टिकं इन्फ्रारेडला काचेसारखी असतात, हे माहीत असूनही लक्षात आलं नाही. पाती थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याची कापा, कडा पॉलिश पेपरनं घासा. एलईडी लागलाय का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेकदा जांभळट ठिपका दिसतो.

दुसरी चूक साताऱ्यात, उघड्या मैदानावर. दुपारभर फेडर झकास चालला. ऊन कललं आणि डावा डेक बंदच होईना. मावळतीचं ऊन फेडरच्या वरच्या फटीतून सरळ उजव्या सेन्सरवर पडत होतं. पाती खाली असूनही त्याला उजेडच दिसत होता. मी फटीवर टोपी धरून उभा राहिलो, तेव्हा कार्यक्रम पुढे सरकला. हॅलोजनचे स्टेज दिवेही हेच करतात. सेन्सरभोवती ॲल्युमिनियमची आडवी भिंत घाला आणि फटीला आतून मखमलीच्या पट्ट्या लावा.

राहिलं ते अर्धं खरं. उजेड झिजत नाही, रूळ झिजतो. दांडी ज्या सळईवरून सरकते तिथे आता सगळा मार बसतो. दांडी डुलायला लागली की पाती सेन्सरच्या भिंतीला घासते आणि कटची जागा रोज बदलते. जुन्याच फेडरचा पत्र्याचा रूळ ठेवलात तर फार तर वर्ष काढाल. भंगारातला सीडी ड्राइव्ह उघडा. त्यात लेझरची गाडी पोलादाच्या दोन घोटीव सळ्यांवरून धावते. मोटर, गिअर, लेझर काढून टाका, रिकाम्या गाडीला दांडी चिकटवा. सरक ४५ पेक्षा थोडी कमी भरते, बोटांना त्याचं काही वाटत नाही. आठवड्याला सळ्या कोरड्या सुती फडक्यानं पुसा. तेल घालायचंच तर सुईच्या टोकाएवढं घाला.

प्रश्न : सर, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलईडी, एलडीआर आणि आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) वापरून ऑप्टिकल क्रॉसफेडर केला. पण आवाज उशिरा बंद होतो आणि मागे बारीक शिट्टी येते. कोडमध्ये चूक आहे का?
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : कोड बरोबर असेल, तू पुर्जा आळशी निवडलास. एलडीआरला, म्हणजे उजेडावर बदलणाऱ्या रेझिस्टरला, उजेड गेल्याचं कळायला वीस-तीस मिलिसेकंद लागतात, आणि पूर्ण अंधारात जायला त्याहून कितीतरी जास्त. गणित करून बघ. ९० बीपीएमला, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांना, एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा. अर्ध्या ठोक्यात चार बोटांचा क्रॅब (बोटं एकामागून एक फेडरवर मारणं) मारलास तर एका बोटाला ८३ येतात, त्यातले निम्मे उघडे, निम्मे बंद. चाळीस मिलिसेकंदांच्या खिडकीत तीस उशिरात गेले तर चार कटांचा मिळून एक घरंगळ आवाज होणारच. हाच आळस दुसरीकडे गुण ठरतो. टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए कॉम्प्रेसरमध्ये (आवाजाचे चढउतार आवरणाऱ्या यंत्रात) असाच प्रकाशावर बदलणारा रेझिस्टर आहे आणि त्याच्या सावकाशपणावरच गायकांचा जीव जडलाय. फेडरला मात्र फोटोट्रान्झिस्टर लाव, तो मिलिसेकंदाच्या आत बदलतो.

शिट्टी ॲनालॉगराइट या आर्डुइनोच्या आज्ञेची. त्यातून व्होल्टेज निघत नाही, आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवर सेकंदाला सुमारे ४९० वेळा उघडझाप निघते, ती व्हीसीएतून थेट कानात. ती गाळायला मोठा कपॅसिटर लावशील तर पुन्हा उशीर. एमसीपी ४८२२ सारखा डॅक (आकड्याचं खरं व्होल्टेज करणारी चिप) लाव. नाहीतर वरचं मिरजेचं उत्तर वाच आणि आर्डुइनो दुसऱ्या प्रोजेक्टला ठेव. परीक्षकांना आर्डुइनो दिसायलाच हवा असेल तर एक दिवा लुकलुकव.

प्रश्न : मी स्क्रॅच करत नाही. हाउस (नाचाचं संगीत) वाजवते, लांब मिक्स करते. मला टोकापासून टोकापर्यंत सावकाश बदलणारा ऑप्टिकल फेडर हवा आहे. पातीचा आकार काय ठेवू?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पाती पाचरीसारखी कापा, एका बाजूला निमुळती, म्हणजे सरकेल तसा उजेड थोडाथोडा अडतो. पण खरं सांगू? तुम्ही नवा कार्बनचा फेडर घ्या. तुमच्या हातात तो कित्येक वर्षं जाईल. सावकाश फेडरमध्ये उजेडाची नेमकी मात्रा महत्त्वाची ठरते, आणि एलईडी तापला की मंदावतो, जुना झाला तरी मंदावतो. त्यावर उपाय म्हणजे पाती कधीच आड येणार नाही असा दुसरा फोटोट्रान्झिस्टर त्याच एलईडीसमोर लावायचा आणि दोघांचं गुणोत्तर घ्यायचं. ते जमत असेल तर जरूर करा. मी केलेल्यात सुरुवातीची पाच मिनिटं मध्यबिंदू सरकत राहायचा, म्हणून कार्यक्रमाआधी तो गरम करायला ठेवावा लागे, इस्त्रीसारखा.