गार्द (कैद्यासोबत जाणारे पोलीस) नाही म्हणून जेलमधल्या भावाची हॉस्पिटलची तारीख हुकतेय, काय करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ कच्चा कैदी आहे, शुगर आहे, पायाची जखम चिघळत चाललीय, जेलचे डॉक्टर नुसतं ड्रेसिंग करून गोळ्या देतात आणि सिव्हिलला पाठवायला सांगितलं तरी गार्द नाही म्हणून नेलंच नाही, तर जेलवर भरपाईची केस टाकता येईल का. येते. पण ती नंतर, आधी पाय वाचवा.

त्याची केस ज्या कोर्टात चालू आहे तिथेच उपचाराचा अर्ज टाका, त्यात मागायचं की सर्जनकडून तपासणी अमुक तारखेच्या आत व्हावी, गार्द देण्याचा आदेश पोलिसांनाही व्हावा आणि जेलने हिस्टरी तिकीट, म्हणजे कैद्याच्या नोंदींचा जेलमधला कागद, हजर करावं. हे शेवटचं विसरू नका. १८९४ च्या तुरुंग कायद्यात कलम ३८ आहे, डॉक्टरने कैद्याबद्दल दिलेली सूचना तिकिटावर किंवा तशा रेकॉर्डवर लिहायची आणि ती पाळली की नाही ते जेलरने तारखेसकट नोंदवायचं. म्हणजे गार्द आली नाही हे त्यांच्याच कागदावर असायला हवं, आणि नसेल तर तो मुद्दा आणखी तुमच्या बाजूचा. नाहीतर जेलचा रिपोर्ट काय येतो ते आम्हाला पाठ आहे, "प्रकृती स्थिर, उपचार चालू"! म्हणून बाहेरच्या डॉक्टरांचे जुने पेपर अर्जाला जोडा, जेलच्या अधीक्षकांना पण एक अर्ज देऊन शिक्क्याची पोच घ्या, आणि पुढच्या तारखेला, व्हीसीवर (व्हिडिओवर) असली तरी, भावाने स्वतः जज साहेबांना पायाचं सांगावं आणि ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत, घ्या म्हणावं.

बेलचं (जामिनाचं) म्हणाल तर बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या, कलम ४८० मध्ये आजारी माणसासाठी सवलत आहे, पण ती कोर्टाच्या मर्जीवर, आणि कोर्ट पहिलं हेच विचारतं की जेलमधून उपचार होऊ शकत नाहीत का. तेलुगू कवी वरवरा राव यांना यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) लागलेला असूनही मुंबई हायकोर्टाने २०२१ मध्ये तब्येतीवर बेल दिली होती, पण तिथे मेडिकल रिपोर्टांचा ढीग होता.

आदेश होऊनही नेलं नाही तर हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट, म्हणजे सरकारी यंत्रणेला थेट आदेश मागणारी याचिका. पैशाची काळजी नको, कस्टडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मानवी हक्क आयोगाकडे पण तक्रार करता येते, मात्र घटनेपासून एका वर्षाच्या आत.

भरपाई रिटमध्येही मिळू शकते, रुदुल शाह (१९८३) आणि नीलाबती बेहेरा (१९९३) या केसेसमध्ये सुप्रीम कोर्टाने ती थेट दिलीय. फक्त उशिरामुळेच नुकसान झालं हे दाखवावं लागतं, त्यामुळे सर्जनने पाहिलं की जखम किती जुनी आणि आधी आणलं असतं तर काय झालं असतं हे केसपेपरवर लिहून मागा, सगळेच डॉक्टर लिहीत नाहीत पण मागायला हवं.

आणि तुमचे वकील बेलमध्येच उपचाराचं पण मागू म्हणाले तर ऐकू नका, बेलवर सरकारी वकिलांचं म्हणणं यायलाच तारखा जातात, दोन्ही अर्ज वेगळे टाकायला सांगा.