गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही: माझा अनुभव

ताई, तुमचं वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीचे माझे दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय, गरोदरपणाचा सहावा महिना, हिमोग्लोबिन ८.६, तीन महिने लोहाच्या लाल गोळ्या चालू, तरी आकडा जागचा हलत नाही आणि घरात सगळ्यांचं एकच, 'डाळिंब खा, बीट खा'. माझा आकडा ८.४ होता, बाकी बरंचसं असंच.

मी डॉक्टर नाही, तुमचे रिपोर्टही पाहिलेले नाहीत. पालेभाज्या, डाळी वगैरे तुम्हाला शंभर जणांनी सांगितलं असेल, ते सोडते. मला एवढंच विचारायचंय की गोळी घेता कधी आणि कशाबरोबर?

मला पाचव्या महिन्यात एका दवाखान्यातून दोन पाकिटं मिळाली, एक लोहाचं, एक कॅल्शियमचं. नाव घेत नाही, आपल्या सोलापुरातलाच. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "जेवल्यावर घ्या. चला, पुढचं कोण?" मी विसरायला नको म्हणून दुपारी जेवल्यावर दोन्ही गोळ्या एकदम घ्यायचे. लोहाच्या गोळीने मळमळायचं, तोंडाला गंजासारखी चव यायची, म्हणून वर कपभर चहा. त्यात एप्रिल-मेचं ऊन, भाकरी घशाखाली उतरत नव्हती, चहावरच दिवस निघायचा. तीन महिने एक दिवस खाडा नाही. आणि कॅल्शियम लोह नीट अंगी लागू देत नाही, चहाही तेच करतो! गोळी पोटात जात होती, रक्तात नाही.

आठव्या महिन्यात आकडा ८.१. सिस्टरने मान वर न करता तपासणीच्या कार्डावर लिहिलं, 'गोळ्या घेत नाही'. मी म्हटलं, रोज घेते. "सगळ्या असंच म्हणतात." शी काळी होते का, एवढं जरी विचारलं असतं तरी मी खरं बोलतेय हे कळलं असतं, कारण लोहाच्या गोळीने ती सहसा होतेच. पुढे प्रत्येक डॉक्टरने आधी ती ओळ वाचली आणि मला झापलं. मूळ कारण शोधायला कुणी गेलंच नाही. आजही ते कार्ड हातात आलं की डोकं तापतं.

चूक सापडली ती आमच्या गल्लीतल्या आशाताईंना, म्हणजे घरोघरी येणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीला. त्या शेजारणीकडे आल्या होत्या, माझ्या हातात दोन गोळ्या आणि समोर चहा बघून ओरडल्याच. पण तोवर उशीर झाला होता. सलाईनमधून लोह द्यावं लागलं. मुलगा ३७ व्या आठवड्यात झाला, वजन २ किलो १०० ग्रॅम. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ. नऊ दिवस तो काचेच्या पेटीत आणि मी बाहेर बाकड्यावर. रक्त कमी होतं म्हणूनच वजन कमी भरलं, असं मी छातीठोक म्हणणार नाही. 'बाळ मोठं झालं तर सिझर होतं' असं ऐकून मी जेवणही आवरतं घेतलं होतं. हा सल्ला तुम्हाला कुणी दिला तर सरळ दुर्लक्ष करा, मग वाईटपणा आला तरी चालेल.

दुसऱ्या वेळी कॅल्शियम सकाळ-दुपार जेवणाबरोबर, आणि लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्यासोबत. मग थोड्या वेळाने झोपायचं, म्हणजे मळमळ फारशी जाणवत नाही. चहा सोडला नाही (सोडवलाच नाही), फक्त गोळीपासून आणि जेवणापासून लांब ठेवला. मटकीच्या उसळीवर लिंबू, हुलग्याचं माडगं, भाकरीबरोबर शेंगाचटणी. नवव्या महिन्यात १०.८, मुलगी २ किलो ८०० ग्रॅम.

आपला जिल्हा डाळिंबाचा, त्याबद्दल बोलले तर लोक मारायला येतील, पण लाल रंग म्हणजे लोह नव्हे. आवडतं तर खा, गोळीच्या जागी नको. आणि तुमच्याकडे कुणी मिसरी लावत असेल, तुम्ही स्वतः लावत असाल, तर ती आजच बंद. ती जळलेली तंबाखूच आहे, बाळाच्या वजनावर परिणाम होतो. घरात बिड्या वळत असतील तर तुम्ही त्या तंबाखूपासून लांब बसा. सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात हे बोलायला कुणी धजत नाही, कारण चूल त्यावर पेटते, पण असो.

वेळा बदलून महिनाभर घेऊनही आकडा साधारण एकने वाढला नाही, तर जंत, थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) वगैरे तपासायला डॉक्टरांना स्वतःहून सांगा. धाप लागत असेल किंवा आकडा सातच्या खाली गेला तर महिना थांबू नका, त्याच दिवशी जा.

आणि जाताना संपलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून न्या, टेबलावर ठेवा. कार्डावर काय लिहिलंय ते खिडकीसमोरच वाचा. चुकीचं असेल तर खोडून घेतल्याशिवाय हलू नका, मागच्या रांगेने कितीही कुरकुर केली तरी.